हा कनानी तो कनानी नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कनानी लोकांवर, म्हणजे बायबलमधल्या कनान देशाच्या (आजच्या इस्राएल-लेबनॉनच्या पट्ट्यातल्या) प्राचीन रहिवाशांवर, आलेला पानभर लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन वाचला. छत्तीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले, ती सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. लेखकाने कष्ट घेतले आहेत हे पहिल्या परिच्छेदातच कळते. पण लेखातली चार विधाने तशीच राहू देण्यासारखी नाहीत. कनानी हा रक्ताने ठरलेला एकच वंश होता, हे पहिले. तो शापित होता, हे दुसरे. त्यांची भाषा हिब्रूहून अगदी निराळी होती, हे तिसरे. आणि येशूच्या बारा शिष्यांतला शिमोन या वंशातला होता म्हणून त्याला 'शिमोन कनानी' म्हणत, हे चौथे. शिवाय एकाच पानावर 'कनानी', 'केनानी' आणि 'कॅननाइट' अशी तीन रूपे छापली गेली आहेत. विषय नवीन असलेल्या वाचकाला हे तीन वेगळे लोक वाटतील.

शिमोनापासून सुरुवात करतो, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. खिळ्यांच्या छपाईचा काळ. आमच्याकडे शुभवर्तमानांची ओळख करून देणारी एक पुस्तिका छपाईला आली होती. लांबलचक गॅली प्रुफे यायची, शाई पुरती वाळलेली नसायची आणि दिवसभर बोटे काळी राहायची. बारा शिष्यांच्या यादीत एका ठिकाणी 'शिमोन कनानी' होते, आणि पुढे लूकच्या भागात 'शिमोन जिलोत'. एकाच माणसाला दोन नावे कशी? पुस्तकात एकवाक्यता हवी, हे आमच्या डोक्यात पक्के भिनवलेले. मी 'जिलोत' खोडून समासात 'कनानी' लिहिले आणि वर 'कनान देशाचा रहिवासी' अशी तळटीपही सुचवली. जुळाऱ्याने खिळे बदलले.

पुस्तिकेचे लेखक एक वयोवृद्ध पाळक होते. दुसरे प्रूफ बघायला ते स्वतः आले. त्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. आवाज न चढवता ते म्हणाले, "अहो, हा कनानी तो कनानी नव्हे. बसा जरा." मग त्यांनी गॅली उलटी केली आणि माझ्याच लाल पेनने कोऱ्या बाजूवर हिब्रू अक्षरांत दोन शब्द लिहिले. एक काफ, नून, आयिन, नून या अक्षरांचा: कनान देश. दुसऱ्याची सुरुवात कोफ, नून, आलेफ अशी: त्या धातूचा अर्थ ईर्ष्या, आवेश, एखाद्या गोष्टीसाठी जीव ओवाळून टाकण्याची वृत्ती. शिमोनचे विशेषण या दुसऱ्या धातूवरून आलेले आहे. अरमाईत ते 'कनआना', म्हणजे कडवा, आवेशी. लूकने त्याचा ग्रीक अर्थ दिला, 'झेलोतेस', त्याचे मराठीत 'जिलोत' झाले. मत्तय आणि मार्क यांनी अर्थ न देता अरमाई शब्दच ग्रीक अक्षरांत ठेवला. ग्रीकमध्ये तरी फरक दिसतो, कारण या शब्दाला आरंभी 'कप्पा' आहे, तर कनान देशाच्या माणसाला 'खी'. पण पुढे लिहिणाऱ्यांची गल्लत झालीच. १६११ च्या इंग्रजी बायबलातही शिमोन 'कॅननाइट' म्हणूनच छापला गेला. मराठीत तर दोन्हीकडे 'क', दोन्हीकडे 'न', आणि कानाला काहीच फरक लागत नाही.

त्या दिवशी 'जिलोत' परत बसवला. ती उलटी गॅली मी घरी नेली आणि तिच्यापासून माझी वही सुरू झाली. जिथे जिथे हा शब्द भेटला तिथून उतरवून ठेवत गेलो. पुढे जे लिहितो आहे ते त्या वहीतले.

पहिली गोष्ट अशी की हिब्रू बायबलातच 'कनानी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, कनान देशाचा माणूस. दुसरा, व्यापारी. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्‌गुणी स्त्री कापड विणते आणि कमरपट्टे विकायला देते. कोणाला देते? मुळात शब्द आहे 'कनानी'. भाषांतरांत आपण वाचतो 'व्यापारी'. संदेष्टा यशया लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या सोर नगराविषयी बोलताना म्हणतो की तिथले व्यापारी पृथ्वीवरचे मानकरी आहेत. तिथेही मूळ शब्द कनानावरूनच आहे. आणि होशेयच्या बाराव्या अध्यायात तोच शब्द कडवट होतो: कनान, त्याच्या हातात खोटा तराजू आहे. इथे संदेष्टा होशेय शेजारच्या लोकांबद्दल बोलत नाही. तो आपल्याच एफ्राइमला, म्हणजे इस्राएली लोकांना, उद्देशून बोलतो आहे, तुम्ही लबाड व्यापारी झालात म्हणून.

हे वाचले तेव्हा मला ते परके वाटले नाही. मराठीत आपण 'मारवाडी' हा शब्द बोलताना कसा वापरतो ते आठवा. मारवाड हा प्रदेश, तिथला तो मारवाडी. पण बोलण्यात तो शब्द कधी दुकानदाराला लागतो, कधी सावकाराला, आणि भांडण असेल तर ज्याने कधी मारवाड पाहिलेला नाही अशा माणसाच्या चिकटपणालाही. उलट वाटेनेही शब्द चालतात. लवण वाहणारे म्हणून लमाण, असे सांगतात. तिथे धंद्यावरून लोकांचे नाव पडले. 'कनानी' कोणत्या वाटेने आला? लोकांवरून धंद्याला नाव पडले, की धंद्यावरून लोकांना? बहुतेक अभ्यासकांचा कौल पहिल्या वाटेकडे आहे आणि मलाही तेच पटते, कारण सोर-सिदोनच्या गलबतांवरून माल घेणाऱ्या डोंगरातल्या शेतकऱ्याला व्यापारी म्हणजे तोच एक माणूस माहीत होता.

भाषांतरकाराची खरी परीक्षा जखऱ्याच्या अगदी शेवटच्या ओळीत आहे: त्या दिवशी देवाच्या घरात यापुढे 'कनानी' असणार नाही. याचा अर्थ परक्या जातीच्या माणसाला मंदिरात मज्जाव, असा घ्यायचा, की मंदिराच्या आवारातली खरेदी-विक्री बंद होईल, असा? एका अर्थाने ती ओळ माणसांना बाहेर काढते, दुसऱ्या अर्थाने बाजाराला. वेगवेगळ्या भाषांतरांनी वेगवेगळी निवड केली आहे. मला 'व्यापारी' बरोबर वाटते, कारण त्या आधीच्याच शब्दांत मंदिरातल्या भांड्यांची गोष्ट चालली आहे: यरुशलेममधले प्रत्येक भांडे पवित्र होईल, मग खास भांडी विकणारा कोणाला हवा? पण 'कनानी' ठेवणाऱ्यालाही चूक म्हणता येत नाही. अशा जागी तळटीप हवी, आणि आमच्या धंद्यात जागेच्या टंचाईत सर्वांत आधी तीच कापली जाते.

आता 'एकच वंश' या विधानाकडे येतो.

हा शब्द सर्वांत जुना कुठे सापडतो? युफ्रेटिसच्या काठी मारी नावाचे नगर होते. तिथल्या इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या एका पत्रात 'दरोडेखोर आणि कनानी' अशी जोडी येते. म्हणजे पहिल्याच भेटीत हा शब्द दुसऱ्यांच्या तोंडी आहे आणि संगत चोरांची आहे. नंतर इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकाच्या आसपासचा राजा इद्रिमी येतो. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीला १९३९ मध्ये त्याचा पुतळा सापडला, त्याच्या अंगभर कोरलेल्या मजकुरात तो सांगतो की परागंदा होऊन मी कनान देशातल्या अम्मिया गावी गेलो. इथे शब्द शांत आहे, नुसते भूगोलाचे नाव.

१८८७ मध्ये इजिप्तच्या अमार्ना इथे मातीच्या पाट्या सापडल्या. जवळपास ३८० आहेत, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या, बहुतेक अक्कादी या तेव्हाच्या राजव्यवहाराच्या भाषेत. त्यांतले एक पत्र बाबिलोनच्या बुर्नाबुरियाश राजाने इजिप्तच्या राजाला धाडलेले आहे. त्याचे व्यापारी वाटेत लुटले आणि मारले गेले होते. तो लिहितो की किनाह्ही हा तुझा देश आहे आणि तिथले राजे तुझे चाकर आहेत. माझी भरपाई कर, मारेकऱ्यांना शासन कर. हे मी वाचले ते एखाद्या तक्रारअर्जासारखे. त्यात वंश नाही, रक्त नाही. ज्याच्या अंमलाखाली मुलूख, त्याची जबाबदारी, एवढेच आहे. अक्षरांचीही एक गंमत बघा: कनानमधला 'आयिन' हा घशातून येणारा ध्वनी अक्कादी लिपीत नव्हता, म्हणून लेखनिकाने तिथे जवळचा 'ह' वापरला आणि 'किनाह्ही' लिहिले. आपल्या देवनागरीतही तो ध्वनी नाही. आपण काना देऊन 'कनान' लिहितो, उर्दूवरून घेतो तेव्हा 'कनआन' लिहितो. चौतीसशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखनिकापुढचा प्रश्न तोच होता.

आता उगारित. सिरियाच्या किनाऱ्यावरचे हे नगर १९२८ नंतर उजेडात आले. तिथल्या बाल देवाच्या कथा आज प्रत्येक पुस्तकात 'कनानी धर्म' म्हणून छापल्या जातात. पण तिथल्याच एका यादीत एका माणसाच्या नावापुढे 'कनानी' अशी नोंद आहे, म्हणजे उगारितकरांच्या लेखी तो बाहेरगावचा. ज्यांना आपण सरसकट कनानी म्हणतो त्यांनी तो शब्द दुसऱ्यासाठी राखून ठेवला होता. खुद्द किनाऱ्यावरच्या लोकांना कोण म्हणून विचारले असते तर त्यांनी गाव सांगितले असते: मी सिदोनचा, मी सोरचा. मग एकच वंश आणायचा कुठून?

शब्दाच्या व्युत्पत्तीवर फार लिहीत नाही. सखल प्रदेश असा एक अर्थ लावतात. आजच्या इराकमधल्या नुझी इथल्या पाट्यांत 'किनाह्हू' नावाचा लालसर रंग येतो, त्यावरून जांभळ्या रंगाचा देश असाही अर्थ लावला गेला. दोन्ही अंदाजच आहेत. दुसऱ्या अंदाजाला ग्रीक शब्दाचा आधार वाटतो, कारण ग्रीकांनी याच किनाऱ्याच्या लोकांना 'फिनिशियन' म्हटले आणि 'फॉइनिक्स' म्हणजे तो गडद लाल-जांभळा रंग, शिंपल्यातल्या गोगलगायींपासून काढलेला. हिब्रू बायबलाचे जुने ग्रीक भाषांतर तर काही ठिकाणी 'कनान' खोडून सरळ 'फिनिशिया' लिहिते. यहोशवाच्या पाचव्या अध्यायात कनानी राजे आहेत, ग्रीकमध्ये ते फिनिशियाचे राजे झाले. म्हणूनच शुभवर्तमानांतली ती आई, जी आपल्या आजारी मुलीसाठी येशूच्या मागे लागते, मत्तयकडे 'कनानी स्त्री' आहे आणि मार्ककडे ग्रीक, जन्माने सीरियातली फिनिशियन. बाई एकच. मार्क तिचा तेव्हाचा पत्ता सांगतो. मत्तय मुद्दाम हजार वर्षे जुना शब्द काढतो, म्हणजे ऐकणाऱ्याला जुने वैर आठवावे आणि मग तिच्या श्रद्धेपुढे ते गळून पडावे. आपल्या लेखात दोन वेगळ्या स्त्रिया मोजल्या आहेत, तेही दुरुस्त व्हावे.

हा शब्द कोणी स्वतःसाठी वापरल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आफ्रिकेतले आहे. इसवी सन ३९४ च्या सुमारास ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनने, हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबाजवळच्या खेडुतांविषयी लिहिले. तुम्ही कोण, असे विचारले तर ते प्युनिक, म्हणजे कार्थेजच्या फिनिशियन, भाषेत 'खनानी' म्हणतात, असे त्याचे वाक्य. आफ्रिकेतले हे फिनिशियनांचे नगर कार्थेज पडून तेव्हा पाचशेहून अधिक वर्षे झाली होती. या वाक्याच्या मूळ पाठावर विद्वानांत वाद आहे आणि तो वाद सांगितल्याशिवाय ते वाक्य छापू नये. पण त्याच जागी ऑगस्टिन आणखी एक गोष्ट सांगतो ती मला जास्त आवडते. वालेरियस नावाच्या बिशपाने दोन खेडुतांच्या बोलण्यात 'सालुस' ऐकले. लॅटिनमध्ये याचा अर्थ तारण. त्याने विचारले, याचा अर्थ काय? उत्तर आले, तीन. हिब्रूत तीनला 'शालोश' म्हणतात, हे त्यावरून लगेच जुळते.

आणि इथून हा शब्द युरोपात जाऊन पूर्ण पालटतो. मला वाटते आपल्या लेखात सर्वांत मोठी उणीव हीच. मध्ययुगातल्या यहुद्यांनी बायबलमधली जुनी नावे आपल्या नव्या मुलखांना दिली. जर्मनी 'अश्केनाझ', स्पेन 'सेफाराद', फ्रान्स 'त्सारफात'. तसे बोहेमिया आणि त्यापलीकडचे स्लाव्ह मुलूख झाले 'कनान'. बाराव्या शतकातला प्रवासी तुदेलाचा बेंजामिन प्रागबद्दल लिहिताना कारणही देतो: तिथले लोक आपली मुले-मुली सगळ्या देशांना विकतात, म्हणून तिथले यहुदी त्या मुलखाला कनान म्हणतात. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात कनानला 'दासांचा दास' म्हटले आहे, आणि युरोपच्या भाषांत गुलामाला शब्दच स्लाव्ह लोकांवरून पडला. दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या.

याने वाचणारा कसा फसतो ते सांगतो. अकराव्या शतकातला फ्रान्समधला मोठा भाष्यकार राशी बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायावर लिहितो. हर्मोन डोंगराला 'सनीर' असे दुसरे नाव आहे. राशी म्हणतो, सनीर म्हणजे बर्फ, अश्केनाझच्या भाषेत आणि कनानच्या भाषेत. मी हे प्रथम वाचले तेव्हा वहीत लिहिले: 'प्राचीन कनानी भाषेत सनीर म्हणजे बर्फ.' दोन वर्षांनी खोडले. राशीचे अश्केनाझ म्हणजे जर्मन, 'श्ने'. आणि त्याचे कनान म्हणजे चेक, 'स्नीह'. त्या वाक्यात प्राचीन कनानींचा काडीचा संबंध नाही. वहीतली ती खोडलेली ओळ मी अजून ठेवली आहे. तेराव्या शतकातल्या हिब्रू ग्रंथांत 'कनानच्या भाषेत' म्हणून दिलेले स्लाव्ह शब्द विखुरलेले आहेत, आणि पोलंडच्या मिएश्को राजाच्या पातळ नाण्यांवर तर हिब्रू अक्षरांत पोलिश शब्द उठवलेले आहेत. या बोलीला आज 'क्नानिक' म्हणतात. त्याच काळात यहुदी कायद्यात 'कनानी दास' म्हणजे कुठल्याही देशाचा बिगरयहुदी गुलाम, मग तो कुठून का आणलेला असेना. म्हणजे एकाच शतकात एकाच भाषेत हा शब्द तीन गोष्टींसाठी चालू होता.

आता 'शापित'. संपादक महोदय, या एका शब्दामुळे मी पेन उचलले.

उत्पत्तीची गोष्ट अशी. नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला. हाम या मुलाने ते पाहिले. शुद्धीवर आल्यावर नोहाने शाप दिला, पण हामला दिला नाही. हामचा मुलगा कनान याला दिला. हामला चार मुलगे होते: कूश, मिस्राईम, पूट आणि कनान. आफ्रिकेशी ज्याचे नाव जोडतात तो कूश, त्याला शापाचा एक शब्दही लागलेला नाही. तरीही अमेरिकेतल्या गुलाममालकांनी आणि त्यांच्या धर्मोपदेशकांनी हीच ओळ दाखवून काळ्या माणसाची गुलामी देवाने ठरवलेली आहे असे सांगितले. शाप एका नातवाला, आणि तो भोगायला लावला लाखो माणसांना. आणि त्याच गुलामांच्या ओठांवर 'कनान' याचा अर्थ काय होता? गुलामीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की आम्ही कनानला निघालो असे गात होतो तेव्हा मनात फक्त स्वर्ग नव्हता. आमचा कनान म्हणजे उत्तर, जिथे गुलामी नाही. मालकाच्या तोंडी कनान बेडी, गुलामाच्या तोंडी तोच कनान सुटका. हे ठाऊक असताना 'शापित वंश' हे शब्द ठळक टायपात, कोणाचे मत आहे ते न सांगता, लेखाच्या मथळ्याखाली छापणे मला सहन झाले नाही. 'उत्पत्तीतल्या कथेनुसार' एवढे दोन शब्द आधी असते तरी मी गप्प बसलो असतो.

फारसी-उर्दूत तर याला शापाचा वासही नाही. तिथे कनआन म्हणजे यूसुफचे (बायबलमधल्या योसेफाचे) घर. 'माह-ए-कनआँ', कनानचा चंद्र, म्हणजे देखणा यूसुफ. 'पीर-ए-कनआँ', कनानचा म्हातारा, म्हणजे मुलासाठी रडून डोळे गेलेला बाप याकूब. गालिबच्या शेरात तो चंद्र आहे, जुलेखाच्या संदर्भात. तुर्कस्तानात 'केनान' हे पुरुषांचे साधे नाव आहे; तिथले एक राष्ट्राध्यक्ष केनान एव्हरेन होते. आणि कोरियात तर चर्चमध्ये न जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला 'कनान विश्वासू' म्हणतात, कारण त्यांच्या उच्चारातले 'गा-ना-आन' उलटे वाचले की 'आन-ना-गा' होते, म्हणजे 'जात नाही'.

भाषेचा मुद्दा थोडक्यात, कारण इथे वादच नाही. भाषाशास्त्रात 'कनानी' हे सेमिटिक कुळातल्या (हिब्रू, अरबी वगैरे) वायव्य भाषांच्या एका शाखेचे नाव आहे आणि हिब्रू त्याच शाखेत येते, फिनिशियन, मवाबी, अम्मोनी, अदोमी यांच्याबरोबर. शाखेची खूण कानाला लगेच कळते: जुना दीर्घ 'आ' तिथे 'ओ' झाला. अरबीत 'सलाम', हिब्रूत 'शालोम'. अरबीत डोके 'रास', हिब्रूत 'रोश'. वर आलेले 'शालोश' आणि अरबी 'सलास' हेही तेच. यशयाच्या एकोणिसाव्या अध्यायात इजिप्तमधली पाच नगरे 'कनानची भाषा' बोलतील असे आहे, तिथे हिब्रूच अभिप्रेत आहे. शेजाऱ्यांशी वैर होते, पण बोली एकाच घरातली होती.

आणि या घरातले सर्वांत जुने आख्खे वाक्य कोणते, ते आपल्या वाचकांना कळायला हवे होते. आजच्या इस्राएलमधल्या लाखीश इथल्या उत्खननात हस्तिदंताची एक फणी मिळाली. साडेतीन सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद. तळहातावर ठेवली तर काडेपेटीहून लहान. एका बाजूला सहा जाड दाते केसांतला गुंता सोडवायला, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक दाते उवा-लिखा काढायला. दाते मोडलेले आहेत. तिच्यावर सतरा अक्षरे आहेत, एक ते तीन मिलिमीटरची, इतकी उथळ कोरलेली की फणी सापडल्यानंतर काही वर्षे ती कोणाच्या लक्षातही आली नव्हती. २०२२ मध्ये वाचन जाहीर झाले: हा सुळा केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून काढो. वय सुमारे ३७०० वर्षे. एका दात्यावर उवेच्या पिल्लाच्या कवचाचा तुकडाही मिळाला. राजाचे नाव त्यात नाही, देवाचेही नाही. मी भिंगाखाली त्या फणीचे छायाचित्र बराच वेळ बघत होतो, जसे आम्ही खराब प्रुफातला अर्धा उठलेला खिळा बघायचो. कोणीतरी इतक्या लहान जागेत, अक्षरांना नीट ओळही न मिळता, ही साधी इच्छा कोरली आहे. कनानी म्हणून काही दाखवायचेच असेल तर मी हे दाखवीन.

आजच्या राजकारणाबद्दल दोन ओळी लिहिणे भाग आहे, कारण लेखाचा शेवट तिकडेच वळतो. १९३९ पासून योनातान रातोश या हिब्रू कवीभोवती तरुणांचा एक गट जमला. आम्ही यहुदी नव्हे, या भूमीचे प्राचीन हिब्रू, असे म्हणणारा. 'कनानी' हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नाही, शलोन्स्की या विरोधी कवीने हिणवण्यासाठी दिले आणि तेच चिकटले. पॅलेस्टिनी लोकही आपले मूळ कनानींत सांगतात. २०१७ साली लेबनॉनमधल्या सिदोनच्या पाच सांगाड्यांच्या जनुकांचा अभ्यास जाहीर झाला, तेही सुमारे ३७०० वर्षांपूर्वीचे, आणि आजच्या लेबनीज लोकांचा ९० टक्क्यांहून अधिक वारसा त्या लोकसंख्येशी जुळला. तेव्हा, कनानी समूळ नष्ट झाले असे बायबल सांगते असे समजून, अनेक वर्तमानपत्रांनी 'बायबल खोटे ठरले' असे मथळे दिले. बायबलमध्येच शास्ते या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात, कनानी लोक त्या देशात राहातच होते असे पुन्हा पुन्हा लिहिलेले आहे. मथळा देणाऱ्याने तो अध्याय उघडला नाही. पाच सांगाड्यांच्या जनुकांवरून आज कोणाच्या शेतावर कोणाचा हक्क, हे ठरवायला आपल्या लेखकाने जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुरुस्तीचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात सहा मुद्दे आहेत. कनानी हा रक्ताने ठरलेला एकच वंश नव्हता. शिमोनचे विशेषण कनान देशावरून नाही, त्याचा अर्थ 'आवेशी'. मत्तय आणि मार्क यांतली स्त्री एकच. हिब्रू ही कनानी शाखेतलीच भाषा. 'शापित' हे उत्पत्तीतल्या कथेतले वचन आहे, इतिहास नव्हे. शब्दाचे रूप सगळीकडे 'कनानी' एवढेच ठेवावे. पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या टायपात हे छापावे. प्रूफ निघाले की कळवा, मी येऊन बघून जाईन; एवढ्या ओळींना फार वेळ लागत नाही.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक